डहाणूच्या उकाड्यात लोकरीचे मोजे

चार बायकांच्या मध्ये लोकरीचा एक गुंडा ठेवून बघा. संध्याकाळपर्यंत मोजा तयार होईल याची खात्री नाही, पण किस्सा तयार होणारच! आमच्या मंडळात तर मोजे रोज उसवले जायचे आणि किस्से तेवढे शिल्लक राहायचे. आता इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर त्याला अडकून दुसरा बाहेर येतो. तेव्हा कंटाळा आला तर सरळ सांगा. मी थांबेन असं नाही, पण सांगा!

मी २०१५ साली हिमाचलातलं शिक्षण संपवून डहाणूला परत आले. डोक्यात एकच खूळ होतं. आपल्या गावाने आपल्या हाताने वस्तू करायच्या! वसतिगृहातल्या खानावळीच्या मावशींनी मला चार सुयांवर मोजे विणायला शिकवलं होतं. तिकडे बायका बसची वाट बघतानाही विणतात. मग आपल्याकडे का नाही विणत? याचं उत्तर डहाणूतलं शेंबडं पोरसुद्धा देऊ शकलं असतं. उकडतं म्हणून!

पण मी कसली ऐकतेय! "टाचांच्या भेगा! डिसेंबरातली पहाट! मधुमेहाच्या माणसांचे पाय! आणि स्वावलंबन!" असं भाषण देत मी आमच्या मसोली गावभर फिरले. गणपती झाल्यावर शेजारच्या विमलकाकीच्या ओट्यावर वर्ग सुरू झाला. तिघी आल्या. विमलकाकी आली, कारण ओटा तिचाच होता. निवृत्त शिक्षिका सुमनबाई आल्या, कारण कुठेही वर्ग भरला की त्यांना घरात राहवत नाही. आणि काकीच्या चिकूच्या वाडीत कामाला येणारी कैनाडची जानकी आली, कारण ओट्यावर पंखा होता.

त्यातल्या त्यात काकीला मोजे खरोखर हवे होते. तिची ज्योती नर्स. नोकरीला बाहेर गेली, तिथल्याच एका पहाडी मुलाशी लग्न केलं आणि शिमल्याच्याही वरच्या एका गावात राहायला लागली. आता तिला दिवस गेले होते आणि बाळंतपण ऐन जानेवारीत येणार होतं. काकीला जायचं होतं. पण हरेश्वरकाका, म्हणजे काकीचे यजमान, लग्नापासून लेकीशी बोलत नव्हते. तिचा फोन वाजला की "मोटर बंद करून येतो" म्हणत ते विहिरीकडे निघून जायचे. बाळंतपणाचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "तिथे बर्फ पडतो. तू जन्मात चपलेशिवाय पायात काही घातलं नाहीस. आधी स्वतःच्या पायात नीट बसेल असा मोजा विणून दाखव, मग खुशाल जा. मी अडवणार नाही."

त्यांना वाटलं, विषय संपला. काकीने त्याच दुपारी लोकर मागवली!

* * *

मोजा गोल विणायचा, म्हणून त्याला दोन्हीकडे टोक असलेल्या चार सुया लागतात. तीन सुयांवर टाके ठेवायचे आणि चौथीने विणत जायचं. हे मी डहाणू रोडच्या बाजारात रमणिकभाईंना समजावलं. त्यांचं लोकर-बटणांचं दुकान. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "चार सुया? पण बेन, माणसाला हात तर बेच ने?"

त्यांच्याकडे लोकरही फक्त बाळांच्या टोपड्यांची होती. गुलाबी आणि पिस्ता. आम्ही दर आठवड्याला जाऊन गुंडे उचलायला लागलो, तेव्हा एक दिवस त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "एवढी बाळं झाली तरी कोणाकडे?"

सुयांचा प्रश्न काकीने सोडवला. दुसऱ्या दिवशी ती प्रत्येकीसाठी सुयांचा संच घेऊन आली. पातळ, चकचकीत, टोकं दगडावर घासून गुळगुळीत केलेली. सुमनबाई तर हरखूनच गेल्या. "अगदी परदेशी वाटतात हो! कुठे मिळाल्या?"

"घरच्याच आहेत," काकी म्हणाली.

संध्याकाळी फाटकातून काका आले. सायकल खांद्यावर! मागचं चाक पापडासारखं मुरडलेलं. ओट्याशी थांबून त्यांनी आमच्या हातातल्या सुया पाहिल्या, मग चाकातले स्पोक पाहिले, मग परत सुया पाहिल्या.

काकी मान वर न करता म्हणाली, "एकाआड एकच काढला होता मी!"

* * *

नवशिक्यांनी सगळ्यात आधी तळहाताएवढा एक चौकोन विणावा, असा नियम आहे. त्यात एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचं, त्यावरून पायाच्या घेराला किती टाके लागतील ते ठरवायचं. हे मी फळ्यावर काढून दाखवलं. जानकीला ते अजिबात पटलं नाही.

"बाय, भाकरी थापायच्या आधी नमुन्याची भाकरी कोण थापतं?"

तिने मनाने टाके घातले आणि सरळ विणत सुटली. जानकीचा हात वाऱ्यासारखा चालतो, त्यामुळे दोन दिवसांत गुलाबी मोजा तयार. तिने पाय घातला. मग दुसराही पाय त्यातच घातला. तरी जागा उरली!

"बघितलंस?" मी म्हणाले. "म्हणून नमुना विणायचा असतो."

तिने मोजा उचलून घरी नेला. दुसऱ्या दिवशी कामावर येताना तिच्यामागून तिचं करडू आलं. मोज्याची बोटांची बाजू उसवून डोकं बाहेर काढलेलं, पुढच्या पायांना दोन भोकं पाडलेली, अंगात गुलाबी स्वेटर! वाडीतली माणसं काम सोडून बघायला जमली.

"माप बराबर होतं," जानकी मला म्हणाली, "गिऱ्हाईक चुकलं होतं!"

* * *

सुमनबाईंचं मात्र सगळं शिस्तीत चालायचं. मोज्यात खरी कसोटी टाचेची. निम्मे टाके बाजूला ठेवून उरलेल्या निम्म्यांवर पुढे-मागे विणत एक पट्टी करायची, मग ती आतल्या बाजूला वळवायची, की टाचेला वाटीसारखा आकार येतो. सुमनबाईंनी ते पहिल्या फटक्यात जमवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, चहा झाला, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, त्याला त्यांनी बरंच काही सुनावलं आणि परत येऊन कामाला लागल्या.

तासाभराने मी बघते तर त्यांनी टाच पुन्हा एकदा वळवलेली. एका मोज्याला दोन टाचा!

बाईंनी तो मोजा लांब धरून चष्म्यातून नीट पाहिला. पस्तीस वर्षांत फळ्यावर केलेली चूक ज्यांनी कधी चूक म्हणून पुसली नाही, त्या बाई म्हणाल्या, "असू दे. एक जाताना, एक येताना."

* * *

काकीचा प्रश्न वेगळाच होता. तिचा हात चांगला होता, टाके मोजून घातलेले, नमुना विणलेला. तरी मोजा बसेना! वर घट्ट, मध्ये सैल, पुढे परत घट्ट. घोट्याशी रक्त थांबेल असा आवळायचा आणि तळव्याखाली त्याच्या चुण्या पडायच्या. मी डोकं धरून बसले. हिमाचलातल्या मावशींनी असला मोजा कधी दाखवला नव्हता.

शेवटी काकीनेच उलगडा केला. मोजा मांडीवर पसरून तिने बोट ठेवलं. "हे घट्ट आहे ना, हे सोमवारचं. त्या दिवशी यांचं आणि माझं वाजलं. हे सैल, इथे ज्योतीचा फोन आला, बाळ पोटात लाथा मारतंय म्हणाली. आणि हे पुढचं घट्ट..."

"परत वाजलं?"

"हे मोटर बंद करायला गेले ना!"

म्हणजे काकीच्या मोज्याचं माप काकांच्या हातात होतं! मी आणि सुमनबाई शिष्टमंडळ घेऊन वाडीत गेलो. काका चिकूच्या पाट्या भरून घेत होते. "काका," मी हात जोडले, "मोजा पुरा होईपर्यंत काकीशी भांडू नका. टाके आवळतायत."

काका मनाने वाईट नाहीत. त्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून भाजीला मीठ कमी असलं तरी "वा!" आणि जास्त असलं तरी "वा!" एकदा तर चहाचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवला.

आठवड्याने मी मोजा बघितला. लोखंडासारखा घट्ट!

"आता काय झालं, काकी?"

काकीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अगं, हे फार गोड वागतायत. काहीतरी लपवतायत माझ्यापासून. जिवाला नुसता घोर लागलाय!"

मग शिष्टमंडळ पुन्हा वाडीत. "काका, पहिल्यासारखंच वागा!"

* * *

मोटरवरून आठवलं. एका दुपारी वर्ग चालू असताना ज्योतीचा फोन आला. काकीने स्पीकर लावला. काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते, ते घडी घालून उठले. "मोटर बंद करून येतो."

जानकी टाके मोजता मोजता म्हणाली, "काका, लाइट सकाळपासून गेलीय."

काका दोन पावलं पुढे गेले होते. थांबले. फोनमधून ज्योती विचारत होती, "आई, बाबा आहेत का तिथे?"

"मग चालू करून येतो!" काका म्हणाले आणि निघून गेले.

आम्ही तोंडात पदर-ओढण्या कोंबून हसलो. काकीही हसली. पण त्या दिवशीची ओळ तिने नंतर उसवून पुन्हा विणली.

* * *

एकदाची काकीची टाच जमली, पावलाची लांबी जमली, आणि बोटांशी येऊन गाडी अडली. जोडवी! पायातल्या जोडव्यांत लोकर अडकायची आणि मोजा घालताना एक-एक धागा ओढला जायचा. मी म्हणाले, "काकी, मोजे पायात असेपर्यंत जोडवी काढून ठेव ना."

काकीने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय आजतागायत काढलेला नाही.

सभा भरली. सुमनबाई म्हणाल्या, पुढचा भाग उघडाच ठेवा. मी म्हणाले, मग बर्फात बोटं गारठणार. जानकी म्हणाली, जोडव्यावर फडकं बांधा. शेवटी काकीनेच तोड काढली. जोडवं असलेल्या बोटासाठी मोज्यात एक वेगळी छोटी पिशवी विणायची, आणि जोडवं त्या पिशवीच्या वरून चढवायचं! हातमोज्याला बोटं असतात, तशी मोज्याला एकच लोकरीची बोटुली.

तयार झाल्यावर काकीने पाय पुढे केला. चार बोटं एकत्र, एक बोट वेगळं, त्यावर चांदीचं जोडवं चमकतंय. सुमनबाई म्हणाल्या, "शोभतंय हो!"

जानकी निरखून बघत होती. "सगळी एका घरात, आणि हिचं दोन नंबरचं बोट वेगळं राहायला गेलं!"

"त्याच्याकडेच दागिना आहे," काकी म्हणाली. "तेच जाणार वेगळं!"

* * *

मध्येच मला हुक्की आली की आपण प्रदर्शन करायचं. तलासरीच्या आठवडे बाजारात एका कोपऱ्यात टेबल मांडलं. वर पाटी, माझ्याच अक्षरात: "हाताने विणलेले, पायात बसणारे मोजे!" एका बाजूला सुकी मासळी, दुसऱ्या बाजूला मिरच्या. लोक येत, मोजे हातात घेत, चेहऱ्याला लावून बघत, "मऊ हाय" म्हणत आणि बोंबील घ्यायला जात. मी भाषण चालूच ठेवलं. भेगा, पहाट, स्वावलंबन!

दुपारी एक म्हातारे बाबा आले. त्यांनी जानकीचा एक लांब पिस्ता मोजा उचलला, आत हात घातला, ताणून बघितला, टाचेशी चाचपला. पहिलं गिऱ्हाईक! मी घाईघाईने जोडीतला दुसराही पुढे केला.

"मना एकच पायजे," बाबा म्हणाले.

"बाबा, पाय तर दोन आहेत!"

त्यांनी कमरेचा कोयता काढला, मोज्यात सरकवला आणि वरची वीण नीट ओढून घेतली. मोजा कोयत्याला असा बसला की माझ्या सगळ्या वर्गात इतकं अचूक माप कोणाचं झालं नव्हतं.

"पाय दोन हायत," ते म्हणाले, "पण कोयता एकच हाय!"

* * *

डिसेंबर लागला आणि काकीची जोडी पुरी झाली. मी तिला शेवटची युक्ती शिकवली होती. मोजा पायापेक्षा किंचित लहान विणायचा, म्हणजे घातल्यावर तो ताणून अंगासरशी बसतो. आणि वरची कड ढिल्या हाताने मिटवायची, नाहीतर पोटरीवर वळ उठतात. काकीने सगळं केलं आणि मोजे घालून ओट्यावर उभी राहिली. एक चुणी नाही, एक टाका ताणलेला नाही. मला तर रडूच यायला लागलं.

काकांनी चिकू पारखतात तसा मोजा पारखला. घोट्याशी चिमटीत धरला, टाच दाबून बघितली, बोटुलीकडे बराच वेळ पाहिलं. खोट काही सापडेना.

"उभं राहून सगळंच बसतं," ते म्हणाले. "चालून दाखव."

काकी चालली. अंगणातून फाटकापर्यंत गेली.

"आता वळ," काकांनी हाक मारली.

काकी वळली नाही. तिने फाटक उघडलं, बाहेर गेली, हात करून रिक्षा थांबवली आणि बसली. आम्ही सगळे ओट्यावर तोंड उघडं टाकून उभे! तासाभराने रिक्षा परत आली. काकी उतरली, तशाच मोज्यांनी चालत ओट्यावर आली. डहाणू रोड स्टेशनवरून तिने रिझर्वेशन करून आणलं होतं.

काकांनी तिकीट हातात घेऊन वाचलं. "यात दोन नावं आहेत."

"दुसरं तुमचं," काकी म्हणाली.

* * *

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती धमाल! काका म्हणायचे, मी येणार नाही. काकी त्यावर वाद घालायचीच नाही. ती फक्त म्हणायची, "पाय पुढे करा, मोज्याचं माप घ्यायचंय." काकांना पक्कं ठाऊक होतं की एकदा माप दिलं की मोजा होणार, आणि मोजा झाला की जावं लागणार. त्यांनी पाय लपवायला सुरुवात केली! झोपाळ्यावर मांडी घालून बसायचे, वरून लुंगी. झोपताना चादर पायाखाली खोचून घ्यायचे. काकीने चपलेवरून माप घेऊ नये म्हणून चपला उशाशी! ओल्या पायांचा ठसा लादीवर उमटू नये, म्हणून पाय धुतले की तिथेच उभे राहून ते वाळवायचे. सुमनबाई म्हणाल्या, "नव्या नवरीनेसुद्धा इतके पाय झाकले नसतील."

काकी खास मागवलेले करड्या लोकरीचे गुंडे घ्यायला रमणिकभाईंकडे गेली. "पाय न बघता मोज्याचं माप कसं घ्यायचं?"

रमणिकभाई हसायला लागले. "लो! दुकानात मोजा घेताना पायात घालून कोण बघतं? मूठ आवळायची, मोजा तिच्याभोवती गुंडाळायचा. टाच आणि बोटाचं टोक भिडलं, की माप बराबर. जेवढा मुठीचा घेर, तेवढा पाय!"

काकी घरी आली ती काकांच्या हातांवर नजर ठेवूनच. पण काकांची मूठ मिळणं काही सोपं नव्हतं. तिने शेंगदाणे दिले, त्यांनी तळहातावर घेऊन एकेक खाल्ले. तिने विचारलं, "ओळखा, माझ्या मुठीत काय आहे? आता तुम्ही धरा बरं काहीतरी!" काका म्हणाले, "वय काय तुझं?" जायचा दिवस जवळ येत चालला होता आणि सुयांवर एक टाका नव्हता.

त्या दुपारी आम्ही सगळ्या ओट्यावर होतो. काका झोपाळ्यावर, मांडी घालून. ज्योतीचा फोन आला. काकीने स्पीकर लावून फोन झोपाळ्याच्या फळीवरच ठेवला. काका उठायला गेले, पण मांडी घालून पायांना मुंग्या आल्या होत्या, ते परत खाली बसले.

"आई," ज्योती विचारत होती, "दोन तिकिटं काढलीस म्हणे? बाबा खरंच येतायत?"

काकांनी मूठ आवळली आणि झोपाळ्याच्या फळीवर धाडकन आपटली. "नाही म्हणजे नाही! एकदा सांगितलं ना!"

मग फोनमधून अगदी बारीक आवाज आला, "बाबा?"

काकांची मूठ तशीच फळीवर राहिली. आणि काकीने गुंड्याचा धागा काढून शांतपणे त्या मुठीला गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, मग खात्रीसाठी आणखी एक.

"बाबा, तुम्ही बोललात?"

काकांनी हात ओढून पाहिला.

"मूठ उघडू नका, माप चाललंय," काकी म्हणाली. मग तिने दुसऱ्या हाताने फोन उचलून त्यांच्या कानाला लावला. "बोल गं ज्योती तू. माझं होईपर्यंत ते कुठे जात नाहीत!"